मलाई की छाश

आज चौथा दिवस.
मागच्या खोलीच्या भिंतीवर दोन चौकोन,
दीड-दीड फुटाचे, एकमेकांना खेटून,
आणि कारेलीबागेतल्या या तिसऱ्या मजल्यावर
दुसरा विषय नाही.

शेडकार्डावर त्यांची नावं लांबलचक, इंग्रजी.
जयंतीभाई पेंटर म्हणतात,
‘आ मलाई, ने पेली छाश.’
मला विचाराल तर एक साय,
दुसरी कालची साय.

सकाळी सातला मलाई जराशी गुलाबी होते,
छाश तशीच, रात्रभर न झोपलेल्या माणसासारखी.
दुपारी समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी
आपला निळा दोघींवर सारखाच टाकते
आणि मी बोट फिरवत शोधते
इथे कुठेतरी सीमा होती.
रात्रीचं, ट्यूबलाइटखालचं, बोलायलाच नको.

विश्राम चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला,
‘पांढराच आहे ना? मग पांढरा द्या.’
त्याचं मत तिथेच बाद.

खोली कुमुदताईची.
ग्वाल्हेरचं बिऱ्हाड आवरून ती परवा आली,
दोन ट्रंका, शिलाई मशीन, थेंबांच्या तीन बाटल्या.
डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय,
उजव्याचं दिवाळीनंतर.

तिला भिंतीपुढे उभी केली. सांग.
तिनं डावा डोळा झाकला: ‘दोन्ही मलाई.’
उजवा झाकला: ‘दोन्ही छाश.’
पुन्हा डावा. पुन्हा उजवा.
दुकानात पदर पारखायची तशी, घाई न करता.
मग बराच वेळ दोन्ही झाकून.

‘यांचे सदरे,’ ती म्हणाली,
‘पिवळे पडलेत असं वाटायचं गं मला.
नीळ घालायची. पुन्हा घालायची.
शेवटची पाच-सहा वर्षं तरी.
ते पांढरेच असणार.’

मला आठवले भावजी, पाटणकर बाजारात, हातात पिशवी,
अंगात आभाळासारखा सदरा.
आम्ही हसायचो. ते हसायचे.
घरी एका शब्दाने बोलले नाहीत.

‘बोलो बेन, कयो?’ घोडीवरून जयंतीभाई.
‘छाश लावा,’ ताई म्हणाली,
‘मलाईचा तो चौकोन तेवढा राहू द्या.
कपाटामागे जाईल, कुणाला दिसणार नाही.’

जयंतीभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली.
त्यांनी चौकोनाच्या चारी बाजूंनी
कागदी टेप लावली, नीट, कोपरे दाबून.

कपाट त्या भिंतीला बसत नाही
हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.