चौथा दुवा

दर सोमवारी साडेसातला मी विल्फकडे जातो,
हेसल रोडच्या मागच्या गल्लीत,
काखेत गरम फिश-चिप्सचं पुडकं,
व्हिनेगर जरा जास्त. त्याला तसंच लागतं.
दार लोटलेलं असतं. आतून आवाज येतो:
"पोस्टमन, उशीर केलास."
निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झाली,
त्याच्या लेखी मी अजून पोस्टमनच.

विल्फला आता मधलं दिसत नाही.
कडा दिसतात: पडदा, दिव्याची शेड, माझा कान.
जिथे बघावं नेमकं तिथेच धुरकट भोक.
म्हणून टीव्हीवरचं मी वाचतो, तो ओळखतो.
चार गोष्टी, एकामागून एक.
त्यांच्यात सारखं काय, तेवढं सांगायचं.

"बटाटा."
"तो माझ्या हातात आहे. पुढे."
"नारळ."
नारळावरून त्याला कुठलंसं बंदर आठवतं,
बंदरावरून बोट, बोटीवरून आइसलँडच्याही वरचा समुद्र,
जिथे दोरखंडांवर गोठलेलं पाणी
कुऱ्हाडीनं तोडलं नाही तर बोट कलंडायची.
तोवर चक्रीवादळ येऊन गेलेलं असतं, मोरपीसही.
"डोळे," टीव्हीवरची चष्मेवाली मुलगी म्हणते,
"या सगळ्यांना डोळे असतात."
विल्फ गप्प.
मग हसत सुटतो, मांडीवरचं पुडकं सांडेपर्यंत.
"आणि मलाच दिसलं नाही होय रे!"

शेवटच्या फेरीत शब्दांतले स्वर काढून घेतात,
उरलेली व्यंजनं भलतीकडेच तोडून मांडतात.
नुसती व्यंजनं वाचणार कशी? जीभ अडते.
मी एकेक अक्षर सांगतो,
तो गुडघ्यावर बोटानं लिहितो, पुसतो, पुन्हा लिहितो.
जमतं तसं.
नाहीतरी आमचं निम्मं बोलणं असंच,
मधलं गाळून.

तो तीन-तीन आठवडे समुद्रावर असायचा तेव्हा
त्याच्या दाराच्या फटीतून पत्रं मीच टाकायचो.
पत्रं थोडी होती.
मी थांबायचो बराच वेळ.
एकाहत्तरच्या मार्चमध्ये तो परतला
तर खुंटीवर तिचा कोट नव्हता.
हे आम्ही कधी बोललो नाही.
तिच्या दफनाच्या दिवशी पहिल्या बाकावर
आम्ही दोघंच, मध्ये एक जागा सोडून.
त्यानंतरच्या सोमवारी मी इथे आलो.
का आलो ते त्यानं विचारलं नाही.

परवाची गोष्ट.
"रॉबिन," मी वाचलं.
"त्यानं माझी शिडी नेलीय. परत नाही दिली."
"मार्टिन."
"हा त्याचा मेव्हणा. सगळी आपल्याच गल्लीतली माणसं!"
"मर्ल."
"मर्ल कोण बुवा?"
घड्याळाचे ठोके वाढत होते.
चौथा चौकोन उघडला, आणि मी
चष्मा काढून पुसू लागलो, स्वच्छ होता तरी.
"वाच की."
चुलीतल्या गॅसची फरफर.
"पोस्टमन. चौथा?"

"मॅविस," मी म्हणालो.

तिचं नाव त्या घरात
चोपन्न वर्षांनी कुणीतरी मोठ्यानं उच्चारलं.
विल्फ टीव्हीकडे नाही, जरा बाजूला बघत होता,
म्हणजे नेमका माझ्याकडे.
"पक्षी," तो म्हणाला. "चारही पक्षी.
मॅविस म्हणजे ठिपक्यांच्या छातीचा, तो गाणारा. जुनं नाव आहे."
टीव्हीवर अजून कुणाला आलं नव्हतं.
"तिनंच सांगितलं होतं मला," मी म्हणालो, "पहिल्याच वर्षी."
"मलाही," विल्फ म्हणाला.
"पहिल्याच वर्षी."

त्यानं चाचपडत पुडकं माझ्याकडे सरकवलं.
तळाशी दोन-चार फोडी उरल्या होत्या, गार, मऊ पडलेल्या.
खाल्ल्या.
"किती गुण झाले आपले?"
"मोजले नाहीत."
"मग बसलायस काय? पुढचं वाच."