तुंबा, तुंबे

पहाटे भोपळ्याचं फूल उघडतं
आणि दहाच्या आत मिटतं.
तेवढ्यात उरकायचं सगळं.
नराचं फूल देठासकट खुडायचं,
पाकळ्या सोलून टाकायच्या,
आतला पिवळा दांडा मादीच्या फुलात
हलक्या हातानं फिरवायचा.
तीन वर्षं कडोलीच्या ह्या मळ्यात
मी अशी लग्नं लावली.
भटजी मीच, वाजंत्री मीच,
अक्षता बोटांना चिकटलेल्या.

वांग्याचं आणखी वेगळं.
वांग्याच्या फुलाला नुसतं शिवून भागत नाही,
त्याच्या कानाशी गुणगुणावं लागतं,
तेव्हा कुठं ते पराग सोडतं.
भरमूनं मार्केटातून
दात घासायचा बॅटरीवरचा ब्रश आणला.
फुलाच्या मागं टेकवायचा, गुंऽऽ करायचं, पुढं सरकायचं.
माशी जे फुकट करून जायची
त्याला आता दोन सेल लागायचे,
तेही आठवड्यात बसायचे.

माश्या कुठं गेल्या,
हे मी कुणाला विचारलं नाही.
बांधावर तणनाशक मारायचा पंप
माझ्याच पाठीवर होता.

मग एका मार्गशीर्षात ठरवलं,
बांधाला हात लावायचा नाही.
पण बांध कधी एकटीचा असतो?
पलीकडं रुद्राप्पा.
त्याच्या बापानं आणि माझ्या सासऱ्यानं
ह्या दीड हात मातीपायी
बेळगावच्या कोर्टाबाहेर
अकरा वर्षं चहा प्यायला.
मी म्हणाले, बांधावर औषध मारू नको.
तो म्हणाला, का अक्का?
उद्या मोजणीदार आणणार?

वाद घातला नाही.
त्याच्या डोळ्यांदेखत दोर धरला
आणि माझ्याच अंगाच्या दोन सऱ्या
बांधाला देऊन टाकल्या.
काँग्रेस गवत उपटलं, घाणेरी मुळापासून खणली,
बाकी येईल ते येऊ दिलं.
जांबोटीच्या बहिणीनं धायटीची दोन रोपं दिली,
निर्गुडीच्या काड्या दिल्या,
आणि वर टोमणा, जंगल मागायला आलीस होय?
कोथिंबिरीचा एक वाफा विकलाच नाही,
फुलावर जाऊ दिला.
कोपऱ्यात दोन हात जागा उघडी ठेवली.
इथं काय लावलंस, भरमू म्हणाला.
काही नाही.
काही माश्या भुईत राहतात,
त्यांना अंगण लागतं.

पहिलं वर्ष गावाच्या हसण्यात गेलं.
लोक म्हशी पाळतात,
द्वारकाक्कानं तण पाळलंय.

पाऊस सरत आला तेव्हा
बांधभर बारीक पांढरं फुललं.
रुद्राप्पा पलीकडून वाकून बघत होता.
तुंबे, म्हणाला.
तुंबा, मी म्हणाले.
तेवढंच बोलणं.
माझा काना, त्याची मात्रा,
आणि दोघांच्या मधे फुलात डोकं खुपसलेली सातेरी,
तिनं मान वर केली नाही.

त्या हंगामात त्याचा फवारा
बांधाच्या चार हात अलीकडं थांबला.
दुपारी मारायचा तो
सांज झाल्यावर मारू लागला.
का, ते त्यानं सांगितलं नाही.
मीही भाकरीवर ठेचा देऊन पाठवला,
कशासाठी ते सांगितलं नाही.

परवा माझा एक वेल
बांध चढून त्याच्या सोयाबीनमध्ये उतरला.
तिथं पानाखाली भोपळा धरलेला,
नारळाएवढा.
ह्याचं लग्न मी लावलं नव्हतं.
त्या पहाटे मी गावात नव्हतेच,
निपाणीला भाचीच्या बारशाला गेले होते.
रुद्राप्पानं हाक मारली,
अक्का, हा कुणाचा गा?
मी म्हणाले, पिकू दे आधी.

ब्रश अजून खुंटीला आहे.
वांगी पूर्वीसारखी धरत नाहीत अजून,
पलीकडच्या तिसऱ्या मळ्यात अजून भरदुपारी पंप चालतो,
वारा आला की पदर नाकाला लावते
आणि मनात म्हणते, आता ह्यांनी काय लावावं नाकाला.

सकाळी घागर घेऊन चालले होते.
उघड्या कोपऱ्यात एक भोक,
पेन्सिल मावेल एवढं.
आतून कुणीतरी तोंड काढून बघितलं,
डोळे मोठे, अंगावर निळे पट्टे,
नुकतं राहायला आल्यासारखं.
मी पायवाट सोडली
आणि सरीतल्या चिखलातून गेले.