अजून नाव नाही

सकाळी सात. पारा तीन रेघा खाली.
मी वहीत लिहिते, पदराने काच पुसते, पुन्हा वाचते,
कारण चष्मा परवाच बदललाय.

सावद्यात समुद्र पाहिलेले लोक मोजके:
केळीचे ट्रकवाले, नेव्हीतला एक भाचा,
आणि मी, एकदाच, हर्णैला, तेव्हाही ओहोटी.
तरी लक्षद्वीपच्या वर काही फिरायला लागलं
की इथे सातपुड्याच्या पायथ्याशी
केळीची पानं आधी गप्प होतात.

नकाशावर ते नुसतं टिंब आहे.
बारशाआधी तान्ह्याला बाळ म्हणतात, तसं
त्याला सध्या 'प्रणाली' म्हणायचं;
वारा ठरावीक वेगापुढे गेला की नाव.
मी पेन्सिलीनं टोचते: बारा उत्तर, एकाहत्तर पूर्व.
दुपारी खोडते. थोडं वर.
कागद त्या जागी पातळ झालाय.

मुनाफ तडवी सायकल फाटकाला टेकवतो.
"बाई, येऊन ऱ्हायलं का ते?"
त्याला हो हवंय, नाहीतर नाही.
माझ्याकडे आहे: वायव्येला सरकण्याची शक्यता,
चोवीस तासांत ठळक, पुढचं पुढे.
तो ऐकतो, तंबाखू थुंकतो.
"म्हणजे दोरी आणतो."

अकरा बंडलं, निळी नायलॉन.
घड ज्या अंगाला झुकलाय त्याच्या उलट ताण,
गाठ शेजारणीच्या बुंध्याला,
तिची पुढचीला,
अंधार पडेपर्यंत सगळी बाग
फुगडीआधी पोरी उभ्या राहतात तशी.

तिसऱ्या रात्री त्याला नाव मिळालं.
नाव मिळालं आणि ते ओमानकडे वळलं.
मी रेडिओ बंद केला, भात लावला.
मुनाफला निरोप धाडायचा होता, राहिला.

साडेनऊला सुकी नदीच्या बाजूनं
जे आलं ते कुठल्याच नकाशावर नव्हतं.
वीस मिनिटं. पत्रे, फांद्या, कुणाचं तरी पाळण्याचं कापड.
सकाळी बांधावरच्या मोकळ्या बागा
पाटासारख्या आडव्या.
मुनाफची वाकली होती,
चार ओळी गेल्या होत्या, बाकीच्या
एकमेकींना धरून, ओल्या, तिरक्या.

तो दहाला आला. हातात एक वाटी,
वारा मोजायच्या माझ्या यंत्राची, चिखलानं भरलेली,
त्याच्या बागेत पिलाच्या पोंग्यात अडकलेली.
"बाई," तो म्हणाला, "मोजलं का किती व्हतं?"

मी केसातली पिन काढून चिखल कोरायला बसले.
वहीत त्या रकान्यात
अजून काही लिहिलेलं नाही.