सत्तेचाळीस नंबरची नळी

नवतपा. टाकळी पोलीस लाइनच्या शस्त्रागारात
कूलर नुसता आवाज करतो.
टेबलावर साठ थ्री-नॉट-थ्री,
बोल्ट काढलेल्या,
कवळी काढून ठेवलेल्या म्हाताऱ्यांसारख्या.
शुक्रवारी कंडम बोर्ड बसणार.
माझ्याकडं एक वही : बट नंबर, नळी, शेरा.
शेऱ्याला बोटभर जागा.

चुन्याच्या भिंतीकडं तोंड करून नळी डोळ्याला लावते.
दुसऱ्या टोकाला उजेडाचं एक नाणं.
पाच चरे, पाचही डावीकडं वळत जातात
मोरीत उतरणाऱ्या पाण्यासारखे,
आणि पुढं इतके बारीक होतात
की दिसतायत की आहेत असं वाटतंय, सांगता येत नाही.

बारा : चकचकीत. लिहिलं, चांगली.
बावीस : काळी, चऱ्यांत देवीचे व्रण. लिहिलं, कंडम.
एकतीस : मध्येच एक अंधारी कडी.
कधीतरी आत अडकलेल्या गोळीवर
कुणी दुसरी गोळी झाडली असेल.
नळीनं ते पोटात घेतलं.
बाहेरून हात फिरवला, काहीच लागलं नाही.

दुपारी पैकूजी आले. रिटायर होऊन अकरा वर्षं.
डोक्याला दुपट्टा, खिशात उन्हाचा कांदा,
एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं पोळ्यानंतर.

"बारा नंबरात चांगलं काय दिसलं तुले, पोरी?"
चमकते, म्हटलं.
"पितळी बी चमकते घासून घासून.
कल्हई गेली ना पण तिची."
डमी काडतुसाचं टोक त्यांनी नळीच्या तोंडात सोडलं,
ते गळ्यापर्यंत बुडालं,
पोरगी माहेरच्या दारातून शिरते तसं, न विचारता.
"हिले गोळीनं नाही खाल्लं.
दोरीनं खाल्लं. रिक्रूट लोकं चिंधी तिरपी ओढत,
रोज, साठ वर्षं.
साफसफाईनं मेली हे."

मग बावीस. तेच टोक अर्ध्यावर थांबलं,
नखभर तांबूस धातू बाहेर राहिला.
"तोंडावर देवी, पण नेम सुदा हाय हिचा."
मी लाल पेनानं शेरा खोडला, बाजूला सही केली,
वै. ढोके,
खाडाखोडीला सही लागते.

सत्तेचाळीस त्यांनी पाहिलीच नाही.
गजाला फलालीनची चिंधी, तेलाचा एक थेंब,
मागून आत सारला.
"नळीकडं नको पाहू. मुठीकडं पाह्य."
उघड्या तळव्यात गजाची मूठ आपली आपण फिरू लागली,
डावीकडं,
झोपेत कुणी कूस बदलतं तशी.
पैकूजींनी दोन्ही डोळे मिटले, बरा आणि वाईट.
"अडीच फेरे. एकाही जागी हात सैल नाही पडला."
कुणाच्या हातात होती ही?
"कोणाच्याच नाही. ट्रेझरी गार्डात होती.
सारी नोकरी उभ्यानं केली हिनं."

शुक्रवारी साहेबांनी टॉर्च मारली.
बारा चमकली : ठेवा.
बावीस काळी : कंडम.
माझी लाल सही त्यांनी पाहिली,
पान उलटलं.
सत्तेचाळीस सलामीच्या तुकडीला दिली. तिथं काडतुसाला गोळी नसते.

सोमवारी गॅस कटरवाला आला.
बावीसचा तुकडा गार झाल्यावर उचलला.
कापल्या काठाला पाच चरे, बोटाला लागणारे.

सत्तेचाळीसमधून आता नुसता धूर जाईल.
तोही अडीच फेरे घेतो का,
पैकूजींना विचारायचं राहून गेलं.
त्यांचा कांदा इथंच राहिलाय टेबलावर,
गेजांच्या पेटीशेजारी,
हिरवा कोंब फुटलेला.