यकृताची कड

"रोग्याला खोल श्वास घ्यायला सांगा,
आणि बोटांनी घाई करू नका.
यकृत आपणहून भेटायला येतं."
डॉ. जुसू हे म्हणाले तो गुरुवार.
शुक्रवारी फ्रीटाउनच्या कॉलेजला कुलूप.

तिसरं वर्ष. कोट अजून
दुकानातल्या घडीचाच कडक.

कोइडूला परतले. नाक्यावर क्लोरीनची बादली,
भिंतीवर रंगवलेलं : कोणाला शिवू नका.
आईनं कोपरानं जवळ घेतलं,
म्हणजे घेतलं नाहीच.

रात्री उताणी पडून
स्वतःच्याच बरगडीखाली बोटं रोवायची,
श्वास घ्यायचा.
पण आपलं आपल्याला कुठे कळतं
कोण कोणाला भेटायला आलं ते.

शेजारच्या कुंबाला ताप आला.
दारातूनच म्हणाली, "तू डॉक्टर ना गं?"
मी सात पावलं लांबून विचारत राहिले :
कधीपासून? उलटी? कोणाच्या मयताला गेली होतीस?
हात पाठीमागे, चोरासारखे.

मलेरिया होता म्हणे. नुसता मलेरिया.
प्लीहा वाढलेली असणार,
हाताला लागली असती.
हे कळलं तेव्हा तिचं अंगण
कोणी झाडत नव्हतं.

दहा महिन्यांनी वर्ग भरला.
हजेरी नव्या सरांनी घेतली.
काही नावांवर त्यांनी पेन टेकवलं,
उचललं, पुढे गेले.

पहिला रोगी, म्हातारा मासेमार.
"श्वास घ्या," म्हणाले.
त्यानं घेतला.
हातमोज्यातला माझा हात
त्याच्या पोटापासून इंचभर वर
थांबला तो थांबलाच.

म्हातारा श्वास धरून
वाट बघत होता.