मधली फळी

फेब्रुवारीत लोफोटेनला कॉड आले की
राग्नफ्रीद शेपट्या बांधून जोड्या करते
आणि वर टांगते, लाकडी मांडवावर,
खाऱ्या वाऱ्यात वाळायला.
तीस वर्षं. किती टांगले, तिने मोजले नाहीत.
मोजले ते खांद्याने.

"दिवसा चालवून नेते," म्हणाली,
"पण रात्री कुशीवर वळले की
आत बसून कुणीतरी दाढ उपटतंय."

मी हात हळूच कडेने वर नेला.
साठ अंशांपर्यंत काही नाही.
नव्वदला श्वास अडकला.
आणि पार वर गेल्यावर, गंमत बघा, पुन्हा काही नाही.

पडद्यावर तिला कंडरा दाखवली:
हाडाच्या छपराखाली घासून घासून
कडेला विसविशीत झालेली,
अर्धी फाटकी, अर्धी शाबूत.
ती बघत राहिली.
"नवऱ्याने असली दोरी कप्पीवरून कधीच काढून फेकली असती."

दोरी बदलता येते.
हिला रक्तच कमी पोचतं, हिची घाई नाही करता येत.
"सुई?"
सुई काही आठवडे झोप देईल. धागा नाही विणणार.
"कापाकापी?"
आधी बारा आठवडे मला द्या.

मग ते कंटाळवाणं काम.
टेबलावर वाकून हात नुसता लोंबता सोडायचा.
भिंतीवर बोटांनी चढायचं, कोळ्यासारखं,
थांबलं तिथे पेन्सिलीची रेघ.
पिवळं रबर, मग लाल, मग हिरवं.
थोडं दुखलं तर चालेल,
सकाळपर्यंत उरलं तर नाही.
हे वाक्य तिने फ्रिजवर चिकटवलं
आणि त्याच आठवड्यात शंभर जोड्या टांगून आली.
मी रागावलो नाही.
रागावलो, खरं तर.

सून एडेल. तिने न विचारता
कप वरच्या फळीवरून खाली आणले.
ते राग्नफ्रीदला फाटक्या कंडरेहून जास्त लागलं.

जूनमध्ये मासे उतरले,
हलके, फळकुटांसारखे खडखडणारे.
नातू वर चढला होता,
ती खाली उभी राहून यंदा पहिल्यांदा मोजत होती.
भिंतीवर सव्वीस रेघा,
शेवटची डोक्याच्या वर वीतभर.
छत अजून लांब आहे.

कप सध्या मधल्या फळीवर.
एडेल म्हणते, तडजोड.
राग्नफ्रीद म्हणते, तात्पुरतं.
मला विचाराल तर माहीत नाही.
एवढंच, की काल ती दुखऱ्या कुशीवर झोपली
आणि सकाळपर्यंत
तिला पत्ताच नव्हता.