शिट्टी

वणीहून टेम्पोत आली मॅट, निळी-पिवळी.
एकेक तुकडा दाताला दात लावून जोडला पोरांनी.
कवडू स्टुलावर बसून पाहत होता,
डावा पाय सरळ. वाकत नाही तो,
चौऱ्याण्णवपासून.

तेव्हा आम्ही मैदान चाळायचो.
खरंच, पिठासारखं. रेतीच्या चाळणीनं काळी माती,
वर तुरीचं कुटार, वर टँकरभर पाणी,
आणि तरी एखादा गोटा वर यायचाच
नेमका सामन्याच्या दिवशी.
गुडघ्याला कवडूच्याच दुकानातली सायकलची ट्यूब.
लागलं तर हळद. मोडलं तर मार्डीचा वैदू.

कैचीला आमच्याकडं कोणी फाऊल म्हणत नसे.
कैची माझी होती.
वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला,
लोकांनी टाळ्या वाजवल्या.
मीही हात वर केले.

आता त्याची आचल खेळते.
गुडघ्याला पट्टे, कोपराला पट्टे, रबरी तळाचे बूट,
आणि दातांवर बसवायचं ते पारदर्शक काहीतरी,
जे तिच्या आईनं चहाच्या गंजात उकळलं
आणि पोरीनं गरम गरम चावून
आपल्या मापाचं केलं.
दोन दिवस चहाला रबराचा वास.

"मॅट मऊ आहे ना गा," मी म्हटलं.
"मऊ हाये. पन कातडं सोलते.
मातीत पाय घसरे बापा, म्हनून वाचे.
इथं बूट चिकटून रायते. पाय तिथंच, मानूस पुढं."
मग बराच वेळ गप्प.
"तरी घालू दे. बत्तीशी तरी घरी येईन."

शेवटची चढाई. आचल मध्यरेषा ओलांडते.
तोंडातून कबड्डी निघत नाही,
अबई अबई असं काहीतरी, घास तोंडात असल्यासारखं.
नियमात आहे, शब्द स्पष्ट हवा.
"दम तुटला, पंच! दम तुटला!"
शिट्टी माझ्या ओठांत. मी ऐकतो
आणि ऐकत राहतो.

डाव्या कोपऱ्यातली पोरगी आडवी पडते,
दोन्ही पाय उघडते,
आचलच्या बुटाच्या अलीकडे एक, पलीकडे एक.

वाजली.

कैची अजून मिटली नव्हती.
दोन्ही गावं अंगावर आली, कशाची शिट्टी, कशाची?
बोट कुठं दाखवावं, मला सुचेना.
आचलनं दातांतलं काढून हातात धरलं,
लाळेनं ओलं,
आणि कवडूनं स्टूल
जरासं पुढं ओढलं.